खापरं आधी, ट्रेंच नंतर: पुरातत्त्व शिकायला निघालेल्यांसाठी

उत्खननाला पहिल्यांदा आलेल्या मुलामुलींना मी लगेच ट्रेंचमध्ये, म्हणजे उत्खननासाठी आखून खणलेल्या चौकोनी खड्ड्यात, उतरवत नाही. आधी पॉटरी यार्डात बसवते. समोर पाण्याचा टब, मऊ ब्रश आणि आदल्या दिवशी आलेल्या खापरांची पिशवी. काहींचा चेहरा पडतो, कारण घरून निघताना डोळ्यांसमोर सांगाडे आणि तांब्याच्या कुऱ्हाडी असतात. पण ज्याला खापर ओळखता येत नाही त्याच्या हाती कुदळ देऊ नये, या मतावर मी ठाम आहे. आपल्याकडच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वसाहतींच्या पांढरट मातीच्या, टेकाडांतून निघणाऱ्या वस्तूंत सगळ्यात जास्त खापरंच असतात. आपण कोणत्या काळात पोचलो हे खणता खणता कळायला हवं, आणि ते पहिल्यांदा खापरच सांगतं.

एम.ए. पुरातत्त्वला प्रवेश घेतलेल्यांसाठी किंवा घेऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. माझं काम महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या काळातल्या) वसाहतींवर, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील.

एका टबात एका वेळी एकच पिशवी घ्यायची. पिशवीतली चिठ्ठी काढून टबाच्या काठाला चिमट्याने लावायची आणि खापरं वाळायला गेली की चिठ्ठीही सोबत न्यायची, वर दगड ठेवून. आधी तुटलेली कड घासायची, कारण माती आणि भाजणी तिथेच दिसते: गाभा काळा राहिलाय की आरपार लाल झालाय, मातीत वाळू मिसळली आहे की भुसा. रंगवलेल्या बाजूवर ब्रश चालवायचा नाही, पाणी सोडून बोट फिरवलं तरी पुरतं. कच्च्या मातीची मूर्ती किंवा मणी पाण्यात विरघळतो, म्हणून शंका आली की वस्तू कोरडीच ठेवायची. वाळवण सावलीत. एखाद्या भांड्याच्या आत करपलेला थर दिसला तर ते धुवायचंच नाही. मातीच्या भांड्याच्या अंगात शिजवलेल्या अन्नाची चरबी मुरलेली असू शकते, आणि हजारो वर्षांनंतरही प्रयोगशाळेत तिचा माग लागतो. असा तुकडा वेगळ्या पिशवीत, स्वतःच्या चिठ्ठीसह.

आठवडाभरात बोटांना फरक कळायला लागतो. प्रवरेकाठच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं आणि तिथल्या मृद्भांड्यांना गावाचंच नाव मिळालं. हे खापर पातळ, छान भाजलेलं, नारिंगी-लाल असतं. वर काळ्या रंगातल्या रेघा किंवा जाळीची नक्षी. टिचकी मारली की खणकन वाजतं. वाडग्याचा तुकडा असेल तर अंग आत दबलेलं आणि खाली कंगोरा. त्याच्या शेजारी साठवणीच्या जाड, हाताने घडवलेल्या रांजणाचा तुकडा ठेवा आणि त्यालाही टिचकी मारा. आवाज बसका येतो. हा फरक फोटोवरून शिकता येत नाही.

काठाचा तुकडा मिळाला की मूळ भांड्यात तो कसा उभा होता ते शोधायचं असतं. काठ उलटा करून सपाट टेबलावर ठेवा, नजर टेबलाच्या पातळीला आणा आणि तुकडा हळूहळू पुढेमागे कलवा. काठ आणि टेबल यांच्यातली उजेडाची फट पूर्ण मिटली की तोच भांड्याचा खरा कल. मग वर्तुळांच्या तक्त्यावर ठेवून व्यास, कॅलिपरने जाडी, प्रोफाइल गेजने (दाबल्यावर वस्तूचा आकार घेणाऱ्या सरकत्या काड्यांच्या फणीने) बाहेरचा आकार. चित्रात डावीकडे छेद, उजवीकडे भांड्याची बाहेरची बाजू. सुरुवातीला एका काठाला अर्धा तास लागतो, तो लागू द्या. फोटो काढून मोकळे होणारे विद्यार्थी काठाची घडण बघतच नाहीत. हाताने रेघ ओढताना मात्र कुंभाराने बोट कुठे दाबलं ते दिसतं.

आता चिठ्ठी. स्थळाचं नाव, वर्ष, ट्रेंच, थर, खोली, तारीख आणि लिहिणाऱ्याचं नाव. एक चिठ्ठी पिशवीत, दुसरी बाहेर बांधलेली. पेन्सिलने लिहा, बॉलपेनची शाई ओलीत पसरते. चिठ्ठी लहानशा प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला, नाहीतर गोदामात वाळवी कागद खाते आणि खापरं निनावी होतात. खापर वाळल्यावर त्याच्या आतल्या बाजूला काळ्या शाईने बारीक अक्षरात हीच खूण लिहायची आणि वर पारदर्शक वार्निशचा हात फिरवायचा. हे कारकुनी काम वाटेल, पण माझ्या लेखी पुरातत्त्वातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे. वस्तू कोणती यापेक्षा ती कुठून आली हा प्रश्न मोठा.

श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादचंच बघा. १९७४ मध्ये तिथल्या एका गावकऱ्याला झुडपाची मुळं खणताना धातूची चार शिल्पं मिळाली: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जोडलेला रथ हाकणारा माणूस. चारही भरीव, सगळी मिळून साठ किलोच्या आसपास. भारतातल्या प्राचीन धातुशिल्पांत त्यांच्या तोडीचं फार थोडं आहे. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे मोठं उत्खनन केलं, शिल्पांचा संबंध उत्तर हडप्पा, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या, काळातल्या थराशी जोडला गेला, तरी कालखंडाबद्दलचा वाद पुरता मिटला नाही. शिल्पं थरातून, नोंदींसह बाहेर आली असती तर हा वाद एवढा लांबला नसता.

वसाहत शोधायची असेल तर गावात जाऊन जुन्या माणसांना पांढरी कुठे आहे ते विचारा. काळ्या रानात मधेच राखाडी-पांढरट मातीचा उंचवटा, पावसाळ्यानंतर वर उघडी पडलेली खापरं, जवळ नदी किंवा ओढा. ही माती लोकांनी शेतात खत म्हणून आणि धाब्याच्या घरांवर टाकायला पिढ्यान्‌पिढ्या नेली, त्यामुळे बऱ्याच टेकाडांच्या कडा तुटलेल्या आहेत. ती तुटलेली कड नीट बघा, थर तिथे आयते दिसतात. नकाशावर खूण करा, खापरं कुठे दाट आणि कुठे विरळ ते लिहा, फोटो घ्या. खणू मात्र नका. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो आणि तो संस्थेच्या नावाने मिळतो. शेतमालकाशी बोलणं, पिकाची भरपाई, काम संपल्यावर रान पूर्ववत करून देणं हेही कामाचाच भाग आहे.

ट्रेंच आखायला टेप, खुंट्या, नायलॉनची दोरी, ओळंबा आणि पाणसळ लागते. टोटल स्टेशन (अंतर आणि कोन मोजणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) असलं तरी हाताने आखणी शिका. दहा मीटरची बाजू घ्या आणि काटकोन तीन-चार-पाचच्या त्रिकोणाने साधा. चारही बाजू झाल्या की दोन्ही कर्ण मोजा: १४.१४ मीटर आले तर चौकोन बरोबर. एक पक्का बिंदू ठरवा, जो हंगामभर हलणार नाही, आणि किती खोल गेलो याची सगळी मापं त्याच्याशी जुळवा. आतल्या बाजूला अर्धा मीटर माती न खणता राखायची, तिला आम्ही बल्क म्हणतो. खणून काढलेल्या भागात काय होतं याची उभी साक्ष या भिंतीत राहते. ही पद्धत भारतात रुजवली ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी. १९४४ मध्ये सर्वेक्षणाचे महासंचालक झाल्यावर त्यांनी तक्षशिलेला प्रशिक्षण शिबिर घेतलं आणि त्यात तयार झालेल्या पिढीने पुढे देशभर उत्खननं केली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९३९ पासून पुरातत्त्व शिकवणारे हसमुख धीरजलाल सांकलिया तर त्याआधीच, लंडनला शिकत असताना, व्हीलरांच्या इंग्लंडमधल्या मेडन कॅसलच्या उत्खननावर काम करून आले होते.

खणण्याबद्दल एकच नियम सांगते, बाकीचे त्यातून निघतात. सगळ्यात शेवटी पडलेला थर सगळ्यात आधी काढायचा आणि एक थर पूर्ण उचलल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. थर बदलला हे कसं ओळखायचं? रंग बदलतो, पोत बदलतो, ट्रॉवेलला, म्हणजे खरवडायच्या लहान थापीला, लागणारा जोर बदलतो. आवाजही बदलतो. आमच्याकडे अनेक हंगाम काम केलेले एक मामा आहेत. टिकावाचा एक हलका घाव घालून ते थांबतात आणि म्हणतात, "ताई, हितं सारवलंय." ट्रॉवेलने घासून बघितलं की खाली चोपून सारवलेली जमीन निघते, शेणामातीचा एकेक पापुद्रा मोजता येईल इतकी स्पष्ट. मामांना हे कोणत्या विद्यापीठाने शिकवलं नाही. घरची जमीन आयुष्यभर बघितलेल्या माणसाचं ते ज्ञान आहे. विद्यार्थ्यांना मी मुद्दाम मामांच्या शेजारी बसवते आणि ट्रेंचच्या वहीत त्यांचं निरीक्षण त्यांच्या नावाने लिहायला लावते.

रंग डोळ्याने ठरवू नका. मातीचा ढेकूळ किंचित ओला करून मन्सेल तक्त्यातल्या (क्रमांक दिलेल्या रंगनमुन्यांच्या पुस्तकातल्या) रंगांशी ताडून त्याचा क्रमांक लिहा. तुमचा "करडा" आणि शेजारणीचा "करडा" कधीच एक नसतो. दुपारच्या उन्हात सगळी माती सारखीच दिसते, म्हणून बारीक पाहणी सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर करायची. फवाऱ्याने हलकं पाणी मारलं की खड्ड्याच्या कडा, मेढींचे खळगे, राखेचे पट्टे उठून दिसतात. मेढीचा खळगा म्हणजे आसपासच्या मातीपेक्षा भुसभुशीत आणि गडद गोल डाग. असे गोल एका रांगेत आले की भिंत, वर्तुळात आले की गोल झोपडी.

आपल्या काळ्या मातीचा एक त्रास इथेच सांगायला हवा, कारण परदेशी पाठ्यपुस्तकांत तो फारसा भेटत नाही. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. वरची खापरं, मणी, दाणेसुद्धा त्या भेगांतून खाली जातात आणि पाऊस पडला की भेग मिटून जाते. उंदीर-घुशींची बिळं वेगळीच. त्यामुळे खालच्या थरात एखादाच उशिराचा तुकडा मिळाला तर लगेच निष्कर्ष काढू नका. आधी त्याच्या भोवतीची माती तपासा.

खणून झालं की सेक्शन, म्हणजे भिंतीत दिसणाऱ्या थरांचं मोजून केलेलं चित्र, काढायचा. ट्रेंचची उभी भिंत ट्रॉवेलने तासून सपाट करा, एका अखंड सकाळचं काम आहे हे. आडवी दोरी पाणसळीने बांधा आणि टेप तिच्यालगत लावा. ठरावीक अंतरावर ओळंबा सोडून प्रत्येक थराची वरची रेघ दोरीपासून किती खाली आहे ते मोजा. एकाने मोजायचं, दुसऱ्याने ग्राफ पेपरवर बिंदू मांडायचे. बिंदू जोडताना भिंतीकडे बघत जोडा, कागदाकडे बघून नाही. खड्डा कोणत्या थरातून खणला गेला याचं उत्तर इथे मिळतं: ज्या थराला खड्ड्याने कापलंय तो आधीचा, जो थर खड्ड्याच्या तोंडावरून अखंड गेलाय तो नंतरचा. दोघा-तिघांचं एकमत होत नसेल तर पुन्हा पाणी मारा, पुन्हा तासा. न दिसणारी रेघ तुटक काढायची सोय आहे, तिचा वापर करा.

प्रयोगशाळेचं काम ट्रेंचमध्येच सुरू होतं. कोळसा दिसला की त्याला बोट लावायचं नाही. स्वच्छ ट्रॉवेल किंवा चिमट्याने उचलून ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये ठेवायचा आणि मुळ्या शिरल्या आहेत का ते लिहायचं. कापूस, कागदात गुंडाळू नका, त्यांतला आजचा कार्बन नमुन्यात मिसळतो. सजीवांच्या अंगात असलेल्या आणि मेल्यावर हळूहळू घटत जाणाऱ्या कार्बन-१४ चा अर्धा भाग विघटित व्हायला सुमारे ५,७३० वर्षं लागतात, त्यावरून साधारण पन्नास हजार वर्षांपर्यंतचा काळ काढता येतो. त्वरक यंत्रावर (कार्बनचे अणू थेट मोजणाऱ्या यंत्रावर) मोजणी करायची तर जळलेला एक दाणाही पुरतो, आणि शक्य असेल तर दाणाच पाठवा. तुळईचं लाकूड आधीच म्हातारं असतं आणि एका घरातून दुसऱ्या घरात जातं. दाणा मात्र त्याच वर्षीच्या पिकाचा.

दाणे मिळवायची युक्ती म्हणजे फ्लोटेशन. पाण्याने भरलेल्या पिंपात मोजून घेतलेली माती सोडायची आणि हाताने हळू ढवळायची. जळून कोळसा झालेले दाणे वर तरंगतात, ते बारीक कापडावर गाळून घ्यायचे आणि सावलीत वाळवायचे, उन्हात ते तडकतात. तळाशी बसलेला गाळ चाळला की बारीक हाडं आणि मणी मिळतात. किती लिटर माती घेतली ते लिहिल्याशिवाय पिंपाला हात लावू नका, नाहीतर चुलीजवळ जास्त दाणे होते की तुम्हीच जास्त माती घेतली हे सांगता येत नाही. मग सूक्ष्मदर्शकाखाली निवड: सातू, गहू, मसूर, कुळीथ, बोराची आठळी. आजचे दाणे घरच्या तव्यावर काळे करून शेजारी ठेवा. जळल्यावर दाणा किती फुगतो आणि कसा वाकडा होतो ते त्याशिवाय समजत नाही.

हाडांसाठी तुलनेचा संग्रह हवाच. शेळी आणि मेंढीची हाडं इतकी सारखी की अनुभवी माणूसही कित्येक तुकडे "शेळी किंवा मेंढी" असेच लिहितो, आणि तसं लिहिणंच प्रामाणिकपणाचं आहे. दातांची झीज आणि हाडांची टोकं जुळली आहेत की नाही यावरून जनावराचं वय कळतं. सुरीच्या खुणा बघायला दिवा एका बाजूने तिरपा धरा, म्हणजे खाचेत सावली पडते.

माणसांच्या दफनांचं काम सगळ्यात शेवटी शिका. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं, आणि शंभराहून अधिक घरं व दोनशेहून अधिक दफनं मिळाली. लहान मुलांना घराच्याच जमिनीखाली, दोन कुंभ तोंडाला तोंड लावून, त्यांत ठेवलेलं. मोठ्या माणसांना आडवं पुरलेलं, पण पाय घोट्याखाली तोडलेले. आणि एका मोठ्या घराच्या अंगणात, चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसवलेला प्रौढ पुरुष, त्याचे पाय मात्र शाबूत. भाजलेलं नसलेलं भांडं मातीतून सोडवायचं म्हणजे मातीतून माती वेगळी करायची. रंग, पोत आणि दाब वाचायला शिकणं का गरजेचं, हे या एका उदाहरणावरून समजून घ्या. सांगाडा उघडताना लोखंडी अवजार बाजूला ठेवा, बांबूच्या कामट्या आणि मऊ ब्रश वापरा. डीएनएसाठी नमुना घ्यायचा असेल तर हातमोजे, मास्क, आणि हाड पाण्याने धुवायचं नाही. मुलाच्या कुंभाशेजारी उभं राहून फोटो काढून घेणाऱ्याला मी त्या दिवशी ट्रेंचबाहेर पाठवते. ते कोणाचं तरी मूल होतं.

इनामगावचा उपयोग आणखी एका गोष्टीसाठी करा. तिथे सुरुवातीच्या जोर्वे काळातली (जोर्वे भांडी वापरणाऱ्या लोकांच्या काळाला हेच नाव) चौकोनी घरं उत्तर, म्हणजे नंतरच्या, जोर्वे काळात, इ.स.पू. १००० नंतर, लहान गोल झोपड्यांना जागा देतात. घरांचे आकार, दाणे, हाडं आणि कार्बनच्या तारखा एकत्र मांडल्यावर कोरडं होत गेलेलं हवामान आणि खालावलेली शेती असं चित्र उत्खननकर्त्यांनी उभं केलं. यातली कोणतीही एक गोष्ट एकटी एवढं सांगू शकली नसती. अहवाल १९८८ मध्ये आला. तो समोर ठेवून एकेक निष्कर्ष कोणत्या नोंदीवर उभा आहे ते शोधत बसणं हा पहिल्या सत्राचा उत्तम अभ्यास आहे.

वही रोज संध्याकाळी, त्याच दिवशी लिहायची. डाव्या पानावर दिसलं ते, उजव्या पानावर वाटलं ते. "राखेचा गोल थर, व्यास ४० सेंमी, कडेला भाजलेली माती" हे डावीकडे. "चूल असावी" हे उजवीकडे. खणलेला थर परत मांडता येत नाही, त्यामुळे पुढच्या अभ्यासकाला तुमचं मत पटलं नाही तरी डावं पान त्याच्या उपयोगी पडायला हवं.

सामान थोडं न्या: टोपी, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, बूट, पाण्याची बाटली, बॅटरी. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन या. हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो आणि तंबूत रात्री चांगलीच थंडी वाजते.

विभाग निवडताना नावापेक्षा तीन गोष्टी विचारा: उत्खनन नियमित होतं का, हाडांचा आणि बियांचा तुलना-संग्रह आहे का, आणि केलेल्या उत्खननांचे अहवाल प्रसिद्ध झाले आहेत का. तिसरा प्रश्न विचारायला लाजू नका. ताम्रपाषाणयुग आणि प्रयोगशाळेसाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज. विदर्भातली लोहयुगीन शिळावर्तुळं (दफनांभोवती रचलेली दगडांची वर्तुळं) आणि माहुरझरी, नायकुंडसारखी स्थळं यांत रस असेल तर नागपूर विद्यापीठाचा विभाग. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची स्वतःची संस्था ग्रेटर नोएडाला आहे, तिथला पदविका अभ्यासक्रम एम.ए. झाल्यावर करायचा.

पदवी कोणत्या शाखेची आहे याची फार काळजी करू नका. वनस्पतिशास्त्राच्या मुलीने बियांचं टेबल धरावं, प्राणिशास्त्रवाल्याने हाडांचं. रसायनशास्त्रातून आलेल्यांना धातू आणि भांड्यांतल्या अवशेषांवर भरपूर काम आहे. इतिहास किंवा संस्कृत घेऊन आलेल्यांनी सुट्टीत भूगोलाचं पुस्तक उघडून नदीचा गाळ कसा साचतो आणि माती कशी तयार होते ती प्रकरणं वाचावीत, आणि गावाकडे विहीर खणत असतील तर तिच्या कडेला बसून थर उतरवून काढावेत.